भ्यायचं कोणत्या गोळीला?

प्रश्न : वडिलांचं वय चौऱ्याहत्तर. ब्लडप्रेशरची गोळी बरीच वर्षं चालू आहे. आता प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय आणि रात्र रात्र कंबर धरून बसतात. परवा डिस्चार्ज देताना कार्डावर ‘ॲनाल्जेसिक’ असं लिहून खाली दोन औषधं दिली : पॅरासिटामॉल आणि मॉर्फिन १० मिलिग्रॅम. गावातल्या मेडिकलवाल्यानं ‘हे दुसरं आम्ही ठेवतच नाही’ म्हणून कार्ड परत दिलं. आत्या म्हणते, ही अफू आहे. माणूस गुंगीत जाईल, सवय लागेल ती वेगळीच. त्यापेक्षा त्यांची नेहमीची दुखण्याची गोळी दोन वेळा द्या. ॲनाल्जेसिक म्हणजे भुलीचंच औषध का? आणि आत्याचं ऐकावं का?
– एक वाचक, कराड तालुका

उत्तर : आधी आत्याबाईंचं. त्या मायेपोटी बोलतायत यात शंका नाही, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका. जिला थोडं भ्यायला हवं ती गोळी आपल्याकडे घरोघर चण्याफुटाण्यांसारखी खाल्ली जाते, आणि जी दिली तर माणूस रात्री झोपेल, तिचं नाव काढलं की सगळे दचकतात. तुमच्या कार्डावरची दोन औषधं आणि आत्याबाईंची तिसरी, ही तिन्ही ॲनाल्जेसिकच आहेत. पण त्यांची कामं निराळी आणि धोकेही निराळे.

ॲनाल्जेसिक म्हणजे वेदनाशामक. माणसाची शुद्ध आणि अंगाची संवेदना शाबूत ठेवून जे फक्त दुखणं कमी करतं, ते औषध. भूल वेगळी. दाताच्या डॉक्टरांकडे हिरडीत लिग्नोकेनचं इंजेक्शन घेतलंय ना कधी? अर्धा ओठ आपला राहत नाही, चूळ भरली की पाणी कोपऱ्यातून ओघळतं. तिथे वेदनेबरोबर स्पर्शही गेला, गरम-थंडही गेलं. ही त्या जागेपुरती भूल. घरी आल्यावर ठणका सुरू होतो म्हणून गोळी घेता, तेव्हा जीभ, ओठ सगळं जाणवत असतं. कमी होतो तो ठणकाच. ही गोळी वेदनाशामक.

दोन्हींतली सीमारेषा सगळ्यात छान दिसते ती प्रसूतिगृहात. बाळंतिणीच्या पाठीत, कण्यापाशी एक बारीक नळी बसवतात, हे एपिड्युरल. त्यातून भुलीच्याच जातीचं औषध अगदी सौम्य करून, बहुधा मॉर्फिनच्या जातीच्या फेंटानिलच्या बारीक मात्रेसोबत सोडतात. कळ आली की पोट आवळल्याचं तिला कळतं, जोर लावता येतो, पण जिवाचा आकांत होत नाही. हे झालं वेदनाशमन. आणि मध्येच सिझेरियन करायची वेळ आली, तर त्याच नळीतून तेच औषध तीव्र करून देतात आणि कमरेखालचा भाग सुन्न होतो. ही झाली भूल. नळी एकच, बाईही तीच. फरक पडतो मात्रेनं.

वडिलांना भूल दिलेली नाही, हे एवढ्यावरून लक्षात येईल. आता गोळ्यांकडे वळू, आणि नेहमीच्या गोळीपासून सुरुवात करू, कारण खरं भय तिथे आहे.

संध्याकाळी सातच्या सुमारास तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरशी दहा मिनिटं उभे राहा. ‘कंबर धरलीय, जरा स्ट्राँग द्या.’ दुकानदार मान वर न करता मागच्या खणातून पट्टी काढतो, कात्रीनं दोन गोळ्या कापतो आणि कागदाच्या पुडीत टाकतो. औषधाचं नाव, मुदतीची तारीख, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये हे सांगणारी ती उभी लाल रेघ, सगळं बहुधा उरलेल्या पट्टीवरच राहतं. गिऱ्हाइकाच्या हाती येते फक्त ‘ती पांढरी गोळी’. पुढच्या वेळी तो तीच मागतो. वडिलांची नेहमीची गोळी अशीच कुठून तरी आलेली असावी, असा माझा तर्क आहे. अशा पुडीत बहुतेक वेळा ॲसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम यांची जोडगोळी असते, किंवा डायक्लोफिनॅक, किंवा आयब्युप्रोफेन असलेली काँबिफ्लॅम.

पॅरासिटामॉल सोडलं तर ही सगळी ॲस्पिरिनच्या गोतावळ्यातली. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे, पण ते नेमकं करतं काय याचा पत्ता लागायला १९७१ साल उजाडावं लागलं. जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की दुखावलेल्या जागी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं आणि त्यांच्यामुळे तिथल्या मज्जातंतूंची टोकं हुळहुळी होतात. ॲस्पिरिन ती द्रव्यं तयारच होऊ देत नाही. या शोधाबद्दल व्हेनना १९८२ चं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे ही गोळी काम करते ती दुखऱ्या जागीच : सूज उतरवते, ठणका कमी करते. दाढ, मुरगळलेला पाय, सुजलेला गुडघा यांवर चार दिवस घेतलेली ही गोळी उत्तमच.

अडचण अशी की प्रोस्टाग्लँडिनला शरीरात बरी कामंही नेमून दिलेली आहेत. जठराचं अस्तर ॲसिडपासून सांभाळणं हे एक. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या गरजेला रुंद ठेवणं हे दुसरं. तरुण, धडधाकट माणसाला या दुसऱ्या कामाची फारशी गरज भासत नाही. पण वयानं, ब्लडप्रेशरनं किंवा उन्हात पाणी कमी पडल्यानं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधीच काटकसरीवर आलेला असेल, तर तो टिकून असतो याच द्रव्यांच्या आधारावर. गोळी तो आधार काढून घेते.

त्यात ब्लडप्रेशरची औषधं. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल आणि नावापुढे ‘एच’ असा शेपटीसारखा शब्द असेल, तर पाणी काढणारं औषधही बहुधा त्याच गोळीत असतं. त्यावर तिसरी ही दुखण्याची. ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड अचानक असहकार पुकारू शकतं, हे डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचं आहे. लघवी कमी होते, पायांवर सूज येते, वर ब्लडप्रेशरही चढतं, आणि मग त्याची गोळी वाढते. पुष्कळांना वाटतं, सोबत ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल घेतली की सगळं सुरक्षित. तिनं पोट बरंचसं सांभाळलं जातं. मूत्रपिंडाला तिचा काडीचा उपयोग नाही.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर गिधाडं आठवा. गुराढोरांना डायक्लोफिनॅक टोचत, ती मेली की गिधाडं त्यांचं मांस खात, आणि मूत्रपिंड निकामी होऊन पटापट मरत. पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून २००४ साली हे उघड झालं आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी हे औषध बंद झालं. तोवर मुंबईच्या डुंगरवाडीवरचं, जिथे पारशी मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात तिथलं, आकाश रिकामं झालं होतं. पारशी समाजाला अंत्यविधीसाठी ऊन एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, एवढंच.

हाडांत उतरलेल्या कॅन्सरवर डॉक्टर कधी कधी याच जातीची गोळी मुद्दाम देतात, आणि गुणही येतो. पण त्याआधी मूत्रपिंडाचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, ब्लडप्रेशर बघतात, दिवस मोजून देतात. पुडीतल्या गोळीत यातलं काहीच होत नाही. म्हणून ‘दोन वेळा द्या’ हा सल्ला नको.

पॅरासिटामॉलबद्दल थोडक्यात. ते पोटाला आणि मूत्रपिंडाला सौम्य आहे. ते नेमकं कसं काम करतं याचा पूर्ण उलगडा कित्येक दशकं वापरूनही झालेला नाही, पण काम करतं. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. म्हातारं, वाळलेलं शरीर असेल किंवा दारू असेल तर त्याहून बरीच कमी, कारण जास्त झालं तर यकृत जातं. मोजताना लपलेली मात्रा धरायची. तापाला डोलो ६५०, कंबरेला काँबिफ्लॅम आणि सर्दीला तिसरीच काहीतरी गोळी घेणारा माणूस एकाच वेळी तीन ठिकाणांहून पॅरासिटामॉल घेत असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता मॉर्फिन.

आत्याबाई अफू म्हणाल्या त्यात काही खोटं नाही. जर्मनीतल्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नर नावाच्या औषध बनवणाऱ्या तरुणानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अफूच्या चिकापासून ते वेगळं काढलं. ते दुखऱ्या जागी काही करत नाही. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आणि मेंदूत त्याला बसायला आयत्या जागा असतात. त्या १९७३ साली सापडल्या, तेव्हा साहजिक प्रश्न पडला की खसखशीच्या बोंडातल्या रसासाठी निसर्गानं आपल्या डोक्यात जागा कशाला राखून ठेवाव्यात? दोनच वर्षांत स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी उत्तर शोधलं : शरीर स्वतःच तशी द्रव्यं बनवतं. मॉर्फिन त्याच खुर्च्यांवर जाऊन बसतं आणि खालून येणारा वेदनेचा निरोप वाटेतच मंद करतं. पोटाच्या अस्तराला आणि मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्याला ते धक्का लावत नाही.

मग एवढी भीती कुठून आली? हवेतून नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन खोलीत ठेवून जात. पोर दिवसभर पडून राही, आणि एखादं उठतच नसे. आत्याबाईंच्या आधीच्या पिढ्यांनी हे बघितलंय. अमेरिकेत १९९६ पासून मॉर्फिनच्याच जातीच्या ऑक्सिकोडोनच्या गोळ्या साध्या कंबरदुखीलाही वाटल्या गेल्या आणि त्यातून माणसं मेली, आजही मरतायत. म्हणजे हे औषध कोणाला, कशासाठी आणि कोणाच्या नजरेखाली दिलं जातं, यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडे मात्र लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा आला. गुन्ह्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, आणि मॉर्फिन ठेवायचं तर निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे परवाने. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती येत नसे. दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी हात जोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. गंमत बघा, खरं तर गंमत म्हणवत नाही : मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकवून, निमच आणि गाझीपूरच्या कारखान्यांतून ती जगाच्या औषधासाठी पाठवणारा देश हाच. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सरकारदरबारी आणि कोर्टात खेटे घालत राहिले, तेव्हा २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच परवान्यावर हे औषध ठेवता येतं. तुमच्या मेडिकलवाल्यानं कार्ड परत दिलं त्यामागे हा सगळा इतिहास आहे. तो अडवणूक करत होता असं समजू नका.

सवयीबद्दल. काही आठवडे मॉर्फिन घेतलं की शरीर त्याला सरावतं आणि एकदम थांबवलं तर जुलाब, घाम, अस्वस्थता होते. म्हणून ते पायरीपायरीनं कमी करतात. हा शरीराचा सराव. तो प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळीलाही होतो आणि तिला कोणी व्यसन म्हणत नाही. व्यसनात माणूस नशेसाठी, नुकसान दिसत असूनही, घरच्यांना चोरून औषधाच्या मागे धावतो. कॅन्सरच्या वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्यांत असं क्वचित घडतं. आणि एक समज काढून टाका : मॉर्फिन लिहिलं म्हणजे आता संपत आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. आधी साध्या गोळ्या, मग कोडीनसारखी, मग मॉर्फिन. पायरी ठरते ती वेदनेच्या जोरावर, उरलेल्या आयुष्यावर नाही. वडिलांना डॉक्टरांनी थेट वरच्या पायरीवर नेलं, कारण हाडांचं दुखणं तेवढं असतं. रेडिएशननं, म्हणजे बोलीत ‘लाइट’ किंवा ‘शेक’ देऊन, हाडातलं दुखणं ओसरलं की मॉर्फिन कमी करून बंद केलेले रुग्णही असतात. एकाच बैठकीच्या शेकानंही अनेकांना उतार पडतो. तुमच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा.

घ्यायचं कसं, हे कार्डावर असेलच, पण त्यामागचं तर्कशास्त्र सांगतो. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर चारेक तास टिकतो. म्हणून ती दुखेपर्यंत वाट बघून न देता घड्याळावर देतात. बहुतेक ठिकाणी वेळा अशा असतात : सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्री दहाची मात्रा डॉक्टर बऱ्याचदा दुप्पट करतात, म्हणजे पहाटे दोनला उठवावं लागत नाही. घरातल्या एकानं भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत पाच बारीक रेघा मारत जायच्या आणि प्रत्येक रेघेपुढे वडील शून्य ते दहापैकी किती दुखतंय म्हणतात तो आकडा लिहायचा. आठवड्यानं डॉक्टर त्या पानावरूनच मात्रा ठरवू शकतात. दोन वेळांच्या मध्येच कळ उसळली तर द्यायची जादा गोळी वेगळी सांगितलेली असते. कार्डावर ‘एसओएस’ असेल तर ते तिच्यासाठी, ‘गरज पडल्यास’. ती वरचेवर लागू लागली, तर ठरलेली मात्रा कमी पडतेय असं समजून फोन करायचा. पुडीतली पांढरी गोळी त्यात मिसळायची नाही.

दुखणं कसं आहे, हेही आपल्या बोलीत नीट सांगा. ठणका, ठसठस वेगळी, आणि चमक, करंट, मुंग्या, आग वेगळी. दुसऱ्या जातीचं दुखणं दाबल्या गेलेल्या मज्जातंतूचं असतं. त्याला मॉर्फिन एकटं पुरं पडत नाही. मग डॉक्टर प्रेगाबॅलिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन जोडतात. ॲमिट्रिप्टिलिन बघून मेडिकलवाला म्हणेल, ‘ही तर डिप्रेशनची आहे.’ घाबरून परत करू नका.

मॉर्फिनचा त्रास म्हणाल तर बद्धकोष्ठता, आणि ती हमखास. बाकीचे त्रास ओसरतात, ही नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत रेचक हवंच. घरचा इसबगोल इथे नको. सुस्तावलेल्या आतड्यात तो फुगून बसतो. डॉक्टर सांगतील ती सेना किंवा बिसाकोडिलची गोळी द्या. पहिले काही दिवस मळमळतं. झोपही फार येते, पण त्यातली निम्मी थकलेल्या रात्रींची असते. दोन-चार दिवसांत माणूस ताळ्यावर येतो. पण कधीही वडील हाकेला ओ देईनासे झाले, अंगाला झटके येऊ लागले, भ्रम झाला किंवा श्वास फार संथ वाटला, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. लघवी कमी झाली असेल तर ते आधी सांगा. मॉर्फिनचे अवशेष मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात; मूत्रपिंड रुसलं की ते साठतात. नेहमीची गोळी दोन वेळा देऊ नका म्हणतो, त्याचं हे आणखी एक कारण. तिनं मूत्रपिंड बिघडवलं तर मॉर्फिनची नेहमीची मात्राही जड जाईल.

औषध कुठे मिळेल? ज्या रुग्णालयानं कार्ड लिहिलं, तिथल्याच फार्मसीत आधी विचारा. तिथे नसेल तर जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा कक्ष आहे का याची चौकशी करा. पॅलिएटिव्ह म्हणजे आजार बरा होवो न होवो, त्याचा त्रास कमी करणारे उपचार. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये स्वतंत्र विभाग आहे, आणि बांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे दुर्धर रुग्णांच्या सेवेचं घर. जाताना डिस्चार्ज कार्ड, वडिलांचं आधार कार्ड आणि चालू औषधांच्या पट्ट्या, न कापलेल्या, सोबत ठेवा. गोळ्या महाग नसतात. घरी आणल्या की कुलपात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा आणि उरल्या तर तिथेच परत करा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही वेदनाशामकावर सोडू नका. कॅन्सर मणक्यात असेल आणि पाय अचानक लटपटू लागले, पायांतली जाणीव कमी झाली किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जू दबत असण्याची शक्यता असते. तेव्हा दुखणं कमी असो वा जास्त, रात्र असली तरी त्याच वेळी गाडी काढून रुग्णालय गाठा. पायांतली ताकद वाचवायला हातात फार थोडे तास असतात.